ओटा खाली करायचाय

आमच्या बाबांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती. मिस्त्रीला ‘लेबर रेट’वर बोलावून सामान स्वतः आणणारी, आणि ठेकेदाराला ‘विथ मटेरियल’ काम देऊन मोकळी होणारी. दुसऱ्या प्रकारच्या माणसांबद्दल ते दवाखान्यात असल्यासारखं हळू आवाजात बोलत. “कुलकर्ण्यांनी विथ मटेरियल दिलं म्हणे,” असं ऑफिसातून आल्या आल्या ते आईला सांगायचे, आणि आई पोळी लाटता लाटता “अरेरे” म्हणायची. तिला कुलकर्ण्यांचं काडीचंही दुःख झालेलं नसायचं. पण बाबांना त्या वेळी ‘अरेरे’च हवं असतं, हे तिला लग्नानंतर महिन्याभरातच कळलं असावं.

तेव्हा आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे अंगणात पेरूचं झाड, आणि स्वयंपाकघर म्हणजे एका माणसानं वळायचं झालं तर दुसऱ्यानं बाहेर जायचं, एवढं. बाबांच्या नोकरीत हे आमचं चौथं क्वार्टर. चारही घरांत रंग वेगळे होते, शेजारी वेगळ्या राज्यांचे होते, पण ओटा एकाच उंचीचा होता. सरकारनं तो कुठल्या बाईला समोर उभं करून ठरवला होता देव जाणे. माझी आई चार फूट आठ इंच. सरकारी ओटा तिच्या छातीला लागायचा. म्हणून ती जेवायला बसायचा लाकडी पाट ओट्यासमोर टाकून त्यावर उभी राहून स्वयंपाक करायची. शेगडीपासून सिंककडे जायचं झालं की ती खाली उतरायची, पाट पायानं सरकवायची आणि परत चढायची. खर्र, टक. खर्र, टक. माझ्या लहानपणाचा हाच आवाज. आतल्या खोलीत अभ्यासाला बसल्या बसल्या मी त्यावरून सांगायचे की आता फोडणी झाली, आता तांदूळ धुवायला गेली. एकदा थालीपीठ उलथताना ती पाटावरून मागे पडली आणि मनगट मुरगळलं. त्या रात्रीही तिनं डाव्या हातानं भात लावला. आणि आम्ही तो जेवलो. आज हे लिहिताना मला स्वतःचा भयंकर राग येतो. तेव्हा मात्र मी लोणचं मागितलं होतं.

बाबांची निवृत्ती दीड वर्षावर आली होती. निवृत्त झालं की क्वार्टर सोडायचं. मराठी सरकारी नोकरांनी मिळून यमुनेपलीकडे एक सोसायटी काढली होती, तिच्यात आमचा फ्लॅट होता, दुसरा मजला. चाव्या मिळाल्या तेव्हा लक्ष्मीबाई नगरातल्या बायका आईला “अच्छा, जमनापार?” असं विचारायच्या, जसं काही आम्ही तडीपार होतोय. फ्लॅट म्हणजे चार भिंती, सिमेंटची जमीन आणि एक नळ. बाथरूमला दार नव्हतं. स्वयंपाकघरात मात्र बिल्डरनं ओटा बांधून दिला होता, काळ्या दगडाची लादी टाकलेला. आई त्या दिवशी सरळ स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यासमोर उभी राहिली. लादी पुन्हा छातीलाच लागली.

“अहो,” ती म्हणाली, “एवढं एकच करून द्या मला. हा ओटा माझ्या उंचीचा करा. बाकी घर तुम्हाला हवं तसं करा, मी तोंड उघडणार नाही.”

बाबांनी लादीवर बोटं वाजवली. “हे तयार आहे. तयार असलेलं तोडायचं नाही, हे आपलं पहिलं तत्त्व.”

“विटांचे दोन थर काढले की झालं. लादी तीच.”

“तुझा मुद्दा विचाराधीन आहे,” बाबा म्हणाले आणि पुढच्या खोलीचं माप घ्यायला गेले. मंत्रालयात त्यांनी तीस वर्षं हा शब्द वापरला होता. त्याचा अर्थ काय होतो हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं.

ते दिवस असे होते की सगळी दिल्ली एकदम चकचकीत व्हायला निघाली होती. काचेच्या दुकानांत इटालियन म्हणवणाऱ्या फरशा, सोनेरी नळ, गुलाबी बेसिन. बाबांच्या सेक्शनमधले लोक डबा खाताना ग्रॅनाइटवर बोलायचे. “उदारीकरण सरकारनं केलंय, मी नाही,” असं बाबा म्हणायचे. त्यांनी स्वतःपुरता एक वेगळाच बाजार शोधून काढला होता, त्याचं नाव ‘सेकंड’. टवका उडालेला, रंग चुकलेला किंवा जरासा वाकडा निघालेला जो माल कारखाना बाजूला काढतो, तो सेकंड. रविवारी सकाळी बाबा स्कूटर काढायचे आणि कोटला मुबारकपूरच्या गल्ल्यांतून, कीर्तीनगरच्या मार्बलच्या गोदामांमागून, मोडक्या इमारतींची दारं-खिडक्या विकणाऱ्या कबाड्यांकडून सेकंड गोळा करून आणायचे. कुठलाही दुकानदार “साहब, ज़रा-सा डिफेक्ट है” म्हणाला की बाबांचे डोळे चमकायचे. डिफेक्ट नसेल तर ते वस्तूकडे पाहतही नसत.

बाबा सामान आणायला निघाले की मागच्या सीटवर मी. रिक्षाचे पैसे वाचायचे ना! पाइप, नळ, खिळ्यांच्या पिशव्या, सगळं मी मांडीवर घेऊन यमुना ओलांडली आहे. पण ज्या दिवशी मी कमोड घेऊन गेले तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. पांढरा, इंग्लिश पद्धतीचा, तळाला केसाएवढी भेग असलेला कमोड. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, नवा कुर्ता घातला होता आणि त्या कमोडला दोन्ही हातांनी मिठी मारून आयटीओच्या सिग्नलला उभी होते. शेजारी विद्यार्थ्यांनी खचाखच भरलेली यू-स्पेशल बस येऊन थांबली. खिडकीतून एका मुलानं मान बाहेर काढली आणि अतिशय अदबीनं विचारलं, “मॅडम, सीट खाली है?”

अख्खी बस हसली. स्कूटर चालवता चालवता बाबाही हसले, याचा मला जास्त राग आला. “हसताय काय?” मी ओरडले. ते म्हणाले, “अगं, त्याला ती नवीन वाटली. भेग दिसलीच नाही त्याला!” आणि त्या आनंदात त्यांनी हिरव्या दिव्याला इतक्या झोकात स्कूटर काढली की कमोड आणि मी, दोघंही थोडक्यात वाचलो.

बाथरूमच्या फरशांचीही हीच कथा. निळ्या फरशा सेकंडमध्ये एका ठिकाणी पुरेशा मिळेनात, म्हणून बाबांनी तीन ठिकाणांहून आणल्या. तीन निळे निघाले. एक आकाशी, एक मोरपंखी आणि एक असा की त्याला मराठीत नाव नाही. मला तर नाहीच येत, दिल्लीत वाढलेल्या मुलांना रंगांची नावं सातापलीकडे येत नाहीत. मिस्त्रीनं त्या खालीवर करून पाहिल्या आणि जिथे ज्या हाताला लागतील तशा लावून टाकल्या. आता माझ्या मुलीनं गुडगावात डिझायनर बोलावून मुद्दाम तीन निळ्यांची भिंत करून घेतली. त्या डिझायनरनं त्यासाठी जे पैसे घेतले ते ऐकून बाबा असते तर अंथरुणाला खिळले असते.

मिस्त्रीचं नाव रामअवतार. बुलंदशहरकडचा, पन्नाशीचा, डोक्याला गमछा, कामाला चोख आणि बोलायला तुटक. बाबा ऑफिसात असत, त्यामुळे दिवसा त्याच्यावर लक्ष ठेवायला डिसेंबरच्या सुट्टीत आई आणि मी बसनं डबा घेऊन जायचो. त्यालाही आमच्यातलंच द्यायचो. साबुदाण्याची खिचडी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा त्यानं विचारलं, “आज कौन सा व्रत है, माताजी?” व्रत काहीच नाही, असंच केलंय, हे कळल्यावर तो हादरला. पण पुढच्या आठवड्यात स्वतःहूनच “वो व्रत वाला नहीं लाए?” असं विचारू लागला.

आईचं हिंदी हा वेगळाच विषय. बावीस वर्षं दिल्लीत काढून ती भाजीवाल्याशी फाडफाड बोलायची, पण त्यात निम्मं मराठी असायचं आणि ते मराठी आहे हे तिला ठाऊक नसायचं. एकदा नव्या प्लास्टरला टेकून उभ्या राहिलेल्या रामअवतारला ती म्हणाली, “भैया, दूर हो जाओ, वो ओला है.” ओला म्हणजे त्याच्या हिंदीत आभाळातून पडणारी गार. तो बिचारा बाल्कनीत जाऊन आभाळ बघून आला. तेव्हापासून महत्त्वाचं बोलायचं झालं की आई मला पुढे करायची. “तू सांग बाई, तुझं हिंदी चांगलं.” दिल्लीत जन्मल्याचा हा एक फायदा माझ्या वाट्याला आला होता आणि मला त्याचा भारी तोरा होता.

एक दिवस बाबा ऑफिसला गेले होते. माझ्याकडे तराईचं काम होतं, म्हणजे नव्या प्लास्टरवर दिवसातून चार वेळा मगानं पाणी मारायचं, ते भिजत राहिलं तरच पक्कं होतं. एका हातात मग, दुसऱ्या हातात कादंबरी, आणि माझी नायिका अगदी रडण्याच्या बेतात. तेवढ्यात आई आली. तिचा चेहरा आज काहीतरी ठरवून आल्यासारखा होता.

“हे बघ,” ती हळूच म्हणाली, “उद्यापासून स्वयंपाकघरात फरशा लागणार. एकदा फरशा लागल्या की संपलं. हे काही आपणहून करणार नाहीत. तू त्याला सांग, ओटा खाली करायचाय. सहा इंच. तीच लादी, त्याच विटा, एक पैसा जास्त लागायचा नाही. संध्याकाळी यांना झालेलंच दाखवू.”

बावीस वर्षांत आईनं बाबांच्या पाठीमागे केलेली ही पहिली गोष्ट. मी खरं तर कादंबरी मिटायला हवी होती. मी पानात बोट घालून तशीच मान वर केली आणि ओरडले, “मिस्त्रीजी! मम्मी कह रही हैं, प्लेटफॉर्म खाली करना है.”

आतून विचारणा आली, “पूरा खाली?”

मी आईला विचारलं, “पूर्ण ना?”

“पूर्ण म्हणजे? या टोकापासून त्या टोकापर्यंत,” आई म्हणाली.

“हाँ, पूरा!”

“सिंक वाली साइड भी?”

“सिंकसुद्धा?”

“हो तर! सिंक काय वर लटकत ठेवायचंय?”

“हाँ जी, सिंक भी!”

मराठीत खाली म्हणजे खालच्या अंगाला आणि हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आदल्याच महिन्यात त्या शब्दानं आयटीओला माझी अब्रू घेतली होती. पण माझ्या डोक्यात दोन भाषा इतक्या शेजारी शेजारी राहायच्या की एकीच्या घरातलं सामान दुसरीकडे गेलेलं मला कळायचंच नाही. सहा इंच तर मी चक्क गिळून टाकले.

आई इतकी खूश झाली की मला घेऊन कोपऱ्यावरच्या बाजारात गेली. आम्ही मटार घेतले, गाजरं घेतली, आणि रस्त्यावर उभं राहून टिक्की खाल्ली. आई बाहेरचं कधी खायची नाही. त्या दिवशी तिनं चिंचेची चटणी दोनदा मागून घेतली. “आता बघ, शंकरपाळे करताना मला घाणा नीट दिसेल,” ती म्हणाली. तोपर्यंत ती शंकरपाळे कढईत न बघता, आवाजावरून तळत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

परत आलो तर स्वयंपाकघर नव्हतं. म्हणजे खोली होती. पण ओटा नव्हता, सिंक नव्हतं, विटांचा एक ढीग होता आणि काळी लादी तीन तुकड्यांत भिंतीला टेकून उभी होती. रामअवतार ढिगावर बसून बिडी ओढत होता.

“लो जी,” तो म्हणाला, “खाली कर दिया.”

आई दारातच खाली बसली. मटारची पिशवी तिच्या हातातून सुटली.

“ये क्या किया?” मी किंचाळले.

“आपने ही तो कहा, पूरा. दो बार पूछा, सिंक का भी पूछा,” रामअवतार शांतपणे म्हणाला. “मैं समझा मॉडुलर किचन लग रहा होगा. आजकल सब वही लगवा रहे हैं.”

आणि नेमके त्याच क्षणी जिन्यात बाबांचे बूट वाजले. फरशा उतरवून घ्यायला ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. हातात एक सेकंडचा नळ होता, चेहऱ्यावर तो नळ स्वस्तात मिळाल्याचं समाधान होतं. ते आत आले, त्यांनी पाहिलं, आणि नळ हळूच खिडकीत ठेवला.

“कोणी सांगितलं?”

रामअवतारनं माझ्याकडे बोट केलं. “बेबी ने.”

“मी नाही, म्हणजे मीच, पण खाली म्हणजे...” मी सांगू लागले.

बाबा खाली वाकले आणि त्यांनी लादीचे तीन तुकडे एकमेकांना जोडून पाहिले. दोन फटी राहत होत्या. “सांधता येईल,” ते पुटपुटले. “काळ्या सिमेंटनं सांधलं तर लांबून दिसणार नाही. परत तस्संच चढवू. जसं होतं तसं.”

‘जसं होतं तसं’ हे ऐकलं आणि आई उठली. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती.

“तिनं नाही, मी सांगितलं,” ती म्हणाली. “खाली घ्यायला सांगितला होता, तिनं रिकामा करवला, ते वेगळं. पण सांगितलं मी. आणि जसा होता तसा चढवलात ना, तर मी या घरात राहायला येणार नाही. तुमच्या त्या तीन निळ्यांत तुम्ही एकटेच आंघोळी करा.”

“अगं, पण तू बोललीस का नाही मला?”

“बोलले! तुम्ही विचाराधीन म्हणालात! बावीस वर्षं पाटावर चढते-उतरते मी, सर्कशीतल्यासारखी. दोनदा पडले. सरकारचं घर होतं, खिळासुद्धा विचारून ठोकायचा, तिथे मी काही बोलले नाही. हे तर आपलं आहे ना? यापुढे मला दुसरं घर मिळणार आहे का? हा माझा शेवटचा ओटा आहे हो! तुम्ही दाराची बिजागरी पाच दुकानांत मोजून घेता. मला कधी मोजलंत?”

एवढं बोलून ती रडायला लागली आणि मीही. रामअवतारला मराठी येत नव्हतं, पण त्यानं बिडी विझवली. “साहब,” तो म्हणाला, “माताजी की बात समझ में आ गई. मेरी घरवाली भी छोटी है. मैंने गाँव में पहले उसका चूल्हा बनाया, दीवारें बाद में उठाईं.”

तीस वर्षं लोकांच्या अर्जांवर शेरे मारलेल्या बाबांनी ढिगातली एक वीट उचलली, उलटीपालटी केली आणि परत ठेवली. माझे वडील वाईट नव्हते. त्यांना पैसे वाचवण्याचा नाद होता आणि त्या नादात समोरचं माणूस त्यांना कधीमधी दिसायचं नाही, एवढंच. शेवटी ते खाकरले.

“नवी लादी लागेल,” ते मला म्हणाले, जणू मी विरोध करणार होते. मग जरा थांबून म्हणाले, “फर्स्ट क्वालिटीची.” हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. त्यांना उच्चारताना त्रास झाला.

रामअवतारनं कानामागची पेन्सिल काढली. “हाइट कितनी रखूँ, साहब?”

बाबांचा हात सवयीनं खिशातल्या टेपकडे गेला आणि मध्येच थांबला. “इनसे पूछो,” ते म्हणाले.

आम्ही तिघंही आईकडे बघायला लागलो. ती गोंधळली. इंच-फुटांत तिला काही सांगता येईना, तिला ते कधी कुणी विचारलंच नव्हतं. तिनं पदरानं डोळे पुसले, भिंतीशी गेली, चपला काढल्या, समोर परात आहे असं समजून हवेत कणीक मळून पाहिली. हात जरा वर घेतले, जरा खाली घेतले. मग तळवा भिंतीला आडवा टेकवून म्हणाली, “इथे.”

“हात मत हिलाना, माताजी,” रामअवतार म्हणाला. त्यानं तिच्या तळव्याखाली रेघ मारली आणि ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढत नेली, सिंकच्या बाजूलासुद्धा.

बाबा रेघेजवळ जाऊन उभे राहिले. ती त्यांच्या कमरेच्याही खाली येत होती. संध्याकाळचा चहा आमच्याकडे बाबा करायचे, आणि तेवढ्यापुरता तो ओटा त्यांचाही होता. त्यांनी हात सोडून पाहिला, पाठीतून पुढे झुकून पाहिलं.

“एवढ्या खाली केलास तर मला वाकावं लागेल,” ते म्हणाले.

“वाका,” आई म्हणाली.